फिटची गोळी, झोप आणि अभ्यास

२०११ साली माझा पुतण्या दहावीला होता. फिट येऊ नये म्हणून तो रोज रात्री फिनोबार्बिटोनची गोळी घेत असे. वर्गात तो पेंगायचा. पाठ केलेले वेळेवर आठवायचे नाही. शिक्षक त्याला आळशी म्हणत. घरात आम्हीही तेच म्हणत होतो. परीक्षेच्या तोंडावर त्याने कोणाला न सांगता गोळी सोडली आणि रात्ररात्र जागून अभ्यास केला. चौथ्या दिवशी लागोपाठ फिट आल्या, पहिला पेपर बुडाला. दोष त्याच्या एकट्याचा नव्हता. गोळीची माहिती त्याला कोणी दिलीच नव्हती.

मेंदूच्या पेशींतील विजेचे संदेश एकाएकी बेताल उसळले की फिट येते. औषध ही उसळी आवरते. पण त्याबरोबर लक्ष, स्मरण आणि तरतरी सांभाळणाऱ्या पेशीही काहीशा मंदावतात.

सर्व औषधे मात्र सारखी नाहीत. १९१२ पासून वापरात असलेले फिनोबार्बिटोन स्वस्त आहे, म्हणून गोरगरिबांना त्याचा मोठा आधार आहे. पण त्याने गुंगी अधिक येते. काही लहान मुले तर उलट चंचल व चिडचिडी होतात. टोपिरामेटने ओठावरचा शब्द सापडेनासा होतो. लॅमोट्रिजिनने गुंगी कमी येते, मात्र काहींची झोप उडते. मात्रा वाढली किंवा दोन-तीन औषधे एकत्र आली की त्रास वाढतो. रात्री झोपेत फिट येत असेल तर त्यानेही दिवसा डोके जड राहते.

विद्यार्थी व पालकांनी एवढे लक्षात ठेवावे :

१) गोळी आपल्या मनाने बंद करू नये. एकदम बंद केल्यास फिटमागून फिट येऊन जिवावर बेतू शकते.

२) गोळीची वेळ, झोप, पेंग आणि फिट यांची रोज वहीत नोंद ठेवावी व ती डॉक्टरांना दाखवावी. मात्रा, वेळ किंवा औषध बदलता येते.

३) नव्या औषधाची गुंगी पुष्कळदा काही आठवड्यांत ओसरते. धीर धरावा.

४) जागरण टाळावे. अपुऱ्या झोपेनेही फिट येते.

पुतण्याचे औषध डॉक्टरांनी हळूहळू बदलले. राहिलेला विषय त्याने ऑक्टोबरमध्ये सोडवला. म्हणून शिक्षक बंधू-भगिनींना विनंती आहे की, पेंगणाऱ्या मुलाला ‘ढ’ म्हणण्यापूर्वी त्याला बाजूला घेऊन विचारावे, “बाळा, तुला कसली गोळी चालू आहे का?”