बिल नामंजूर नाही, नुसतं पडून आहे

प्रश्न : मी राज्य शासनाच्या ग्रामीण रुग्णालयात प्रयोगशाळा तंत्रज्ञ आहे. गेल्या नोव्हेंबरात कार्यालयीन आदेशावरून प्रशिक्षणासाठी पुण्याला गेलो. नागपूरपर्यंत एस.टी., पुढे रेल्वे. डिसेंबरात 5,840 रुपयांचं प्रवासभत्ता देयक दिलं. फेब्रुवारीत ते परत आलं. टाचणीने लावलेल्या चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहिलं होतं, 'ति. वाचता येत नाही'. मशीनमधून निघालेल्या एस.टी.च्या तिकिटावरची अक्षरं तोवर पार उडाली होती. खुलासा जोडून पुन्हा दिलं, तर 'मार्च संपला, अनुदान गेलं' म्हणाले. आता म्हणतात, 'मागच्या वर्षाचं बिल या वर्षाच्या अनुदानातून कसं काढायचं?' सहकारी सांगतात, एवढ्याशा रकमेसाठी साहेबांशी वाकडं कशाला घेता? काय करावं?
— एक वाचक, गडचिरोली जिल्हा

उत्तर : तुमचं पत्र दोनदा वाचलं. तुमचं देयक नामंजूर झाल्याचं त्यात कुठेच नाही. पेन्सिलीची चिठ्ठी आणि तोंडी उत्तरं, एवढंच तुमच्या हाती आहे. ज्याने 'नाही' म्हटलं त्याची सही कशावरच नाही, आणि तुमची अडचण इथेच आहे. लेखी नकाराविरुद्ध दाद मागता येते. तोंडी नकाराविरुद्ध फक्त खेटे घालता येतात.

आधी कोऱ्या तिकिटाचं पाहू. उष्णतेवर छापणाऱ्या कागदाची अक्षरं काही महिन्यांत उडतात, हे लेखा शाखेलाही ठाऊक असतं. त्या दिवशी त्या मार्गाचं भाडं किती होतं, हे एस.टी. आगारातून लिहून घ्या. सोबत प्रशिक्षण संस्थेचं उपस्थिती प्रमाणपत्र, कार्यालयीन आदेश आणि रेल्वेचं तिकीट लावा. माणूस पुण्यात हजर होता आणि नागपूरहून गाडीत बसला, म्हणजे गडचिरोलीहून नागपूरला तो कसातरी पोचलाच असणार! पुढच्या वेळी मात्र उतरल्याबरोबर तिकिटाची झेरॉक्स काढा.

'मागच्या वर्षाचं बिल' ही सबब टिकणारी नाही. सरकारी हिशेब रोखीच्या तत्त्वावर चालतो. पैसे ज्या वर्षी दिले, खर्च त्या वर्षीच्या तरतुदीत पडतो. 31 मार्चला अनुदान व्यपगत होतं, तुमचं येणं व्यपगत होत नाही. अनुदान खरोखरच नसेल तर वाढीव मागणी वर पाठवणं हे आहरण व संवितरण अधिकाऱ्याचं काम आहे. ती पाठवली का, हे विचारायला हरकत नाही.

आता अर्ज. तो त्याच अधिकाऱ्याच्या नावे, एका पानात, आवक शिक्क्यासह पोच घेऊन द्या. देयक पहिल्यांदा कधी दिलं, परत कधी आलं, त्रुटी कधी दूर केली, एवढ्याच तारखा लिहा. शेवटी विनंती करा : देयक मंजूर करावं, अन्यथा नामंजुरीचं कारण नियमाच्या उल्लेखासह लेखी कळवावं. महाराष्ट्रात बदल्यांचं विनियमन आणि शासकीय कर्तव्यांतला विलंब यांबद्दल 2005 चा अधिनियम आहे. लोक त्याला 'बदल्यांचा कायदा' म्हणतात आणि त्यातलं कलम 10 विसरतात. त्यानुसार सर्वसाधारणपणे कोणतीही फाइल एका कर्मचाऱ्याकडे कामाच्या 7 दिवसांपेक्षा जास्त राहू नये. दुसऱ्या विभागाकडे जावं न लागणाऱ्या प्रकरणात 45 दिवसांत निर्णय व्हायला हवा. हेतुपुरस्सर विलंब शिस्तभंगाच्या कारवाईला पात्र ठरतो. अर्जात या कलमाचा उल्लेख एका ओळीत करा, धमकीचा सूर नको. साहेबांशी वाकडं येण्याचं म्हणाल, तर प्रशिक्षणाला तुम्हाला त्यांनीच पाठवलं. फाइल बहुधा त्यांच्या टेबलावर नाहीच, आणि ती कुठे आहे हे कदाचित त्यांनाही ठाऊक नसेल.

45 दिवसांत हालचाल झाली नाही, तर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून माहितीचा अधिकार वापरा. 'माझं बिल का काढलं नाही?' असं मात्र विचारू नका. 'का'चं उत्तर तयार करून देणं जनमाहिती अधिकाऱ्यावर बंधनकारक नाही. असलेली कागदपत्रं मागा : देयकावरच्या टिपणीची प्रत, आवक-जावक नोंदी, फाइल कोणत्या पदनामाकडे कधीपासून कधीपर्यंत होती ती नोंद, आणि प्रवासखर्चाखाली वर्षभरात आलेलं अनुदान व त्यातून अदा झालेल्या देयकांच्या तारखा. सहकाऱ्यांची नावं मागू नका, वैयक्तिक माहिती म्हणून अर्ज अडतो. तारखा पुरतात. तुमच्यानंतर आलेली देयकं मार्चमध्ये निघाली असतील, तर 'अनुदान नव्हतं' हे उत्तर तिथेच उघडं पडतं. राज्याच्या नियमाप्रमाणे अर्ज 150 शब्दांत आणि एकाच विषयावर हवा. 30 दिवसांत उत्तर नाही आलं, तर 20 रुपये भरून पहिलं अपील करता येतं.

शेवटचा मार्ग महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाचा. तुम्हाला त्याचं नागपूर खंडपीठ जवळचं. लेखी अर्जानंतर 6 महिने वाट पाहायची, आणि तरीही निर्णय नसेल तर पुढच्या एका वर्षात दाद मागायची. एकामागून एक स्मरणपत्रं दिल्याने ही मुदत वाढत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने एस. एस. राठोड विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या 1989 च्या निकालात स्पष्ट केलं आहे. 5,840 रुपयांसाठी न्यायाधिकरणात जा, असं मी सांगणार नाही. वकिलाची फीच त्याहून जास्त होईल. पण तुमच्यासारखीच अडकलेली देयकं घेऊन चार-पाच सहकारी एकत्र आले, तर त्या वेळी आजच्या अर्जाची पोच कामी येईल.