कूटबद्ध साठवण आणि मुक्त सॉफ्टवेअर : एका सार्वजनिक वस्तूचे अर्थशास्त्र

स्पर्धा परीक्षेचा अर्ज भरणाऱ्या उमेदवाराजवळ आज गुणपत्रिका, जातीचा दाखला, आधार कार्ड, छायाचित्र व स्वाक्षरी यांच्या संगणकीय प्रती बहुधा एकाच पेन ड्राइव्हमध्ये असतात. हा पेन ड्राइव्ह हरवला तर वस्तूचे नुकसान काहीशे रुपयांचे असते. परंतु त्यातील कागदपत्रांचा गैरवापर झाला तर होणारी हानी भरून काढणे कठीण असते. घरच्या संगणकाला लावलेला संकेतशब्द येथे उपयोगी पडत नाही, कारण ड्राइव्ह दुसऱ्या संगणकाला जोडताच सर्व फाइली वाचता येतात. यावरील उपाय म्हणजे एन्क्रिप्शन, अर्थात कूटबद्ध साठवण. त्यासाठीची उत्तम सॉफ्टवेअर मोफत मिळतात. मात्र मोफत मिळणाऱ्या कुलपावर विश्वास कशाच्या आधारे ठेवावा आणि त्याचा खर्च कोण उचलतो, या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कार्यपद्धती

व्हेराक्रिप्टसारखे सॉफ्टवेअर ड्राइव्हवर एक मोठी फाइल तयार करते. योग्य संकेतशब्द दिल्यावर ही फाइल संगणकात स्वतंत्र ड्राइव्हसारखी उघडते. बंद असताना ती अर्थहीन अक्षरांचा साठा असते. संकेतशब्दापासून गणिती प्रक्रियेने किल्ली तयार होते. ही प्रक्रिया मुद्दाम पुनःपुन्हा केली जाते, जेणेकरून संकेतशब्द अंदाजाने शोधणाऱ्याला प्रत्येक प्रयत्नासाठी अधिक वेळ व खर्च लागावा. पूर्वीच्या ट्रूक्रिप्टमध्ये ही आवर्तने एक-दोन हजार होती. व्हेराक्रिप्टने ती काही लाखांवर नेली. चोरीचा खर्च चोरीच्या लाभापेक्षा वाढवणे, हेच या तंत्राचे आर्थिक तत्त्व होय.

विश्वासाचा प्रश्न

जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन माहितीच्या असमानतेची समस्या मांडली. विक्रेत्याला दोष ठाऊक असतात, ग्राहकाला नसतात. जुनी मोटार निदान चालवून तरी पाहता येते; कूटबद्ध फाइल मात्र उत्तम पद्धतीने बंद केलेली असो वा सदोष पद्धतीने, सामान्य माणसाला ती सारखीच दिसते.

यावर या शास्त्राने शोधलेले उत्तर म्हणजे खुलेपणा. पद्धत सर्वांना ठाऊक असावी व गुप्तता केवळ किल्लीत असावी, हे तत्त्व ऑगस्ट केर्कहॉफ्स यांनी १८८३ मध्येच मांडले होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय प्रमाण संस्थेने १९९७ मध्ये जाहीर आवाहन करून, १५ प्रस्तावांच्या खुल्या परीक्षणानंतर, दोन बेल्जियन संशोधकांची पद्धत एईएस या नावाने २००१ मध्ये प्रमाण म्हणून स्वीकारली. आज हीच पद्धत जगभर वापरली जाते.

येथे ‘मोफत’ आणि ‘मुक्त’ यांतील फरक लक्षात घ्यावा. मोफत म्हणजे ज्याची किंमत शून्य आहे ते. मुक्त म्हणजे ज्याची मूळ संहिता कोणालाही वाचता, तपासता, बदलता व वाटता येते ते. लिनक्समधील लक्स ही सुविधा दुसऱ्या प्रकारात मोडते. ट्रूक्रिप्टची संहिता पाहता येत असे. परंतु त्याचा परवाना मुक्त स्रोताच्या प्रस्थापित व्याख्येत बसत नाही, असा आक्षेप होता.

ट्रूक्रिप्टचा धडा

ट्रूक्रिप्टची पहिली आवृत्ती २००४ मध्ये आली. त्याचे निर्माते अखेरपर्यंत अनामिक राहिले. संहिता दहा वर्षे सर्वांसमोर होती. तरीही तिचे स्वतंत्र व पद्धतशीर परीक्षण करण्यासाठी २०१३ मध्ये लोकवर्गणी गोळा करावी लागली. हे परीक्षण चालू असतानाच, २८ मे २०१४ रोजी, हे सॉफ्टवेअर आता सुरक्षित मानू नये असे सांगून निर्मात्यांनी काम थांबवले. एप्रिल २०१५ मधील अंतिम अहवालात हेतुपुरस्सर ठेवलेला चोरदरवाजा आढळला नाही. काही उणिवा मात्र आढळल्या. त्याच वर्षी, सप्टेंबरमध्ये, विंडोजवरील आवृत्तीत दोन गंभीर दोष दुसऱ्या संशोधकाने उघड केले. २०१३ पासून फ्रान्समध्ये याच संहितेवर विकसित होत असलेल्या व्हेराक्रिप्टमध्ये ते दुरुस्त झाले. जुन्या ट्रूक्रिप्टमध्ये ते दुरुस्त करणारे कोणी उरले नव्हते.

खुली संहिता ही सार्वजनिक वस्तू आहे. एकाच्या वापराने ती दुसऱ्यासाठी कमी होत नाही आणि कोणाला वगळताही येत नाही. त्यामुळे लाभ सर्व घेतात, परंतु परीक्षण व देखभालीचा खर्च दुसऱ्याने करावा अशी प्रत्येकाची अपेक्षा असते. खुलेपणा तपासणीची संधी देतो, तपासणीची हमी देत नाही. म्हणून अशा सामायिक साधनांच्या नियतकालिक परीक्षणासाठी सार्वजनिक निधीचा विचार होणे योग्य ठरते. केंद्र शासनाने २०१५ मध्ये शासकीय संगणक प्रणालींसाठी मुक्त स्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देणारे धोरण स्वीकारले. प्राधान्याला परीक्षणाची जोड मिळाली तरच त्या धोरणाचा पूर्ण लाभ मिळेल.

भारतातील कायदेशीर चौकट

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ सदस्यीय पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टास्वामी खटल्यात गोपनीयतेचा हक्क मूलभूत असल्याचा निर्णय दिला. दुसरीकडे, माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६९ नुसार राष्ट्रीय सुरक्षा, गुन्ह्याचा तपास इत्यादी कारणांसाठी शासन माहिती उलगडून देण्याचा आदेश देऊ शकते. सहकार्य नाकारल्यास सात वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. सप्टेंबर २०१५ मध्ये राष्ट्रीय एन्क्रिप्शन धोरणाचा मसुदा प्रसिद्ध झाला. त्यात कूटबद्ध संदेशांची साधी प्रत ९० दिवस जपण्याची अट होती. टीकेनंतर तो मागे घेण्यात आला. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ माहिती हाताळणाऱ्या संस्थांवर सुरक्षेची जबाबदारी टाकतो व त्यातील कसुरीसाठी २५० कोटी रुपयांपर्यंत दंड ठरवतो. व्यक्तीने घरगुती कामासाठी केलेला माहितीचा वापर मात्र या कायद्याच्या कक्षेबाहेर आहे. म्हणजे आपल्या पेन ड्राइव्हची काळजी आपणच घ्यायची आहे.

समारोप

या साधनाला मर्यादाही आहेत. फाइल उघडी असताना संगणकात शिरलेला विषाणू ती वाचू शकतो. म्हणून परक्या किंवा सायबर कॅफेतील संगणकावर ती उघडू नये. संकेतशब्द विसरल्यास माहिती कायमची गमावते. तेथे दाद मागण्यासाठी कोणतेही कार्यालय नाही. संकेतशब्द लांब असावा, तो सुरक्षित जागी लिहून ठेवावा आणि फाइलची दुसरी प्रत वेगळ्या ठिकाणी असावी. जे कुलूप मालकालाही किल्लीवाचून उघडता येत नाही, तेच चोरालाही अडवते. मुक्त सॉफ्टवेअरची किंमत शून्य असली, तरी त्याचा खर्च शून्य नसतो. त्यातील काही भाग समाजाने निधीच्या रूपाने आणि उरलेला नागरिकाने दक्षतेच्या रूपाने उचलायचा असतो.