क्रॅनबेरीच्या दलदलीतील निळे फुलपाखरू : ओळखीची रीत

उत्तर युरोपातील थंड, पाणथळ प्रदेशात उन्हाळ्यात लहान निळ्या फुलपाखरांच्या अनेक जाती एकाच सुमारास उडताना आढळतात. पंख पसरले म्हणजे त्या नवशिक्याला सारख्याच भासतात. त्यांपैकी ‘क्रॅनबेरी निळे’ ही जात निश्चितपणे ओळखणे हा या पाठाचा विषय होय. तिचे शास्त्रीय वर्णन क्नोख या जर्मन अभ्यासकाने १७८१ मध्ये केले.

या फुलपाखराचा पंखविस्तार सुमारे अडीच सेंटिमीटर असतो. नर वरून गडद जांभळट निळा. मादी तपकिरी, अंगालगत किंचित निळी झाक असलेली. मात्र या निळेपणावर विसंबू नये. तो रंगद्रव्याचा नसून पंखांवरील सूक्ष्म खवल्यांच्या रचनेमुळे दिसतो. पाहण्याचा कोन बदलला की छटा बदलते, खवले झडले की ती फिकी पडते.

ओळख पटवावयाची ती पंखांच्या खालच्या बाजूवरून. त्यासाठी फुलपाखरू पंख मिटून बसेपर्यंत धीर धरावा. करड्या पृष्ठभागावर पांढऱ्या कड्यांचे काळे ठिपके दिसतील. ते इतर जातींतही असतात. परंतु मागील पंखाच्या कडेला, शरीराच्या टोकाजवळील कोपऱ्यात, ठळक नारिंगी ठिपका बहुधा एकच असतो व त्याला लागून निळसर चमकीचा काळा ठिपका असतो. ‘इडास निळे’ या जातीत नारिंगी ठिपक्यांची रांगच असते. खालची बाजू पाहण्याची ही रीत याच कुळातील महाराष्ट्रातील लहान निळ्या फुलपाखरांनाही उपयोगी पडते.

यानंतर जागा पाहावी. या जातीची अळी क्रॅनबेरी, बिलबेरी अशा झुडपांवर वाढते आणि अर्धवट वाढलेल्या अवस्थेत हिवाळा काढते. अशी झुडपे पीटच्या दलदलीत वाढतात. आल्प्स पर्वत, सैबेरिया, अलास्का येथेही ही जात आढळते. जपानमध्ये ती होक्काइडो बेटावर असून १९६७ मध्ये तिला नैसर्गिक स्मारक म्हणून संरक्षण देण्यात आले.

पीट काढण्यासाठी व वनवाढीसाठी युरोपात दलदलींचा मोठ्या प्रमाणावर निचरा करण्यात आला. फिनलंडमध्ये तर मूळ क्षेत्रापैकी सुमारे निम्म्याचा. निचरा झाला की झाडे माजतात, झुडपे सावलीत खुरटतात आणि फुलपाखरू नाहीसे होते. अशा ठिकाणी इडासची नोंद चुकून ‘क्रॅनबेरी निळे’ अशी झाली, तर दलदल गेली तरी ती कागदोपत्री शाबूत राहते. म्हणून नोंदीसोबत पंखांच्या खालच्या बाजूचे छायाचित्र जोडलेले असावे.