प्राधिकरणातला फ्लॅट की चिखलीचा प्लॉट?

प्रश्न : नोकरी चाकणला. निगडी प्राधिकरणात जुना फ्लॅट घ्यावा, की त्याच पैशांत चिखलीत बंगल्यासाठी प्लॉट?

उत्तर : कळकळीने सांगतो, प्लॉटचा इसार देण्याआधी चिखलीत काय घडले ते आठवा. इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेतले 36 बंगले महापालिकेने मे 2025 मध्ये पाडले. ते पाडण्याचा राष्ट्रीय हरित लवादाचा आदेश सर्वोच्च न्यायालयातही कायम राहिला होता. दस्त नोंदला म्हणजे बांधकामाची परवानगी मिळाली, असे होत नाही. गट नंबर घेऊन नगररचना विभागातून झोन दाखला काढा आणि पूररेषेच्या नकाशावर जागा स्वतः पाहा. त्या पट्ट्यात देहूरोडच्या लष्करी दारूगोळा डेपोचा रेड झोन, म्हणजे बांधकामाला बंदी असलेला पट्टाही आहे. एजंटच्या ‘सगळं क्लिअर आहे’ला अर्थ नाही.

प्राधिकरणात रुंद रस्ते, आखीव सेक्टर. भाव चढे आहेत ते त्यामुळेच. मात्र तिथली जमीन 99 वर्षांच्या भाडेपट्ट्यावर दिलेली आहे. ती देणारी संस्था, म्हणजे प्राधिकरण, 2021 मध्ये विलीन झाली; त्यामुळे हस्तांतराला आता कोणाची परवानगी लागते ते आधी विचारून घ्या. मूळ भाडेकरार मागा, हस्तांतर शुल्क कोण भरणार ते साठेखतात लिहून घ्या. शिवाय निगडीपर्यंत मेट्रोचे काम सुरू आहे. तुमच्या जागी मी फ्लॅटच घेईन.