पाठ म्हणणें आणि वाचणें

गांवोगांवच्या मंडळ्यांतून पुष्कळ बंधुभगिनी सायंकाळीं लहान मुलांस जवळ बसवून अक्षरओळख करून देतात. त्यांत कांहीं शिक्षक आहेत, कांहीं उपदेशक आहेत, आणि कांहीं अशा माता आहेत कीं, ज्यांचें स्वतःचें शिक्षण चौथ्या इयत्तेपलीकडे गेलें नाहीं. त्या सर्वांपुढें एक गोष्ट मांडावी म्हणून हा लेख लिहिला आहे. ती ही कीं, मूल पाठ म्हणूं लागलें म्हणजे तें वाचूं लागलें असें समजूं नये.

हें मला एका मुलीनें शिकविलें. ती तिसऱ्या इयत्तेंत होती, व पहिलीं दोन वर्षें ती माझ्याच हाताखालीं शिकली होती. कोणी पाहुणे शाळेंत आले म्हणजे वाचून दाखविण्यास मी तिलाच उभी करीत असें. कारण तिचा आवाज खणखणीत असून ती कोठें अडखळत नसे. एके दिवशीं ती वाचीत असतां वाऱ्यानें पानें उलटलीं. तिचें वाचन मात्र थांबलें नाहीं. डोळ्यांपुढें पोळ्याचा पाठ होता आणि तोंडांतून पावसाचा पाठ येत होता! मी पुस्तक मिटून फळ्यावर ‘कोनाडा’ एवढा एकच शब्द लिहिला. ती बोटें मोजीत हळूच म्हणूं लागली, “क, का, कि, की, कु, कू, के, कै, को.” नवव्या बोटावर तिला ‘को’ सांपडला. मग “न, ना.” मग “ड, डा.” ‘डा’ हातीं लागेपर्यंत ‘को’ हरवला होता. तिनें माझ्या तोंडाकडे पाहिलें व तिचे डोळे भरून आले. शब्द कांहीं तिला परका नव्हता. कोनाडा पाहिला नाहीं असें मूल त्या गांवांत नव्हतें. दोष तिचा नव्हता. दोन वर्षें मी तिचें पाठांतर ऐकत होतों आणि त्यास वाचन म्हणत होतों.

ही एका शाळेपुरती कथा असती तर ती येथें सांगण्याचें कारण नव्हतें. आपल्या देशाच्या ग्रामीण भागांत घरोघर जाऊन मुलांचें वाचन पाहण्याचें काम ‘असर’ या नांवानें २००५ सालापासून होत आलें आहे. २०२४ सालच्या पाहणींत तिसऱ्या इयत्तेच्या दर शंभर मुलांपैकीं सुमारें २७ मुलांसच दुसऱ्या इयत्तेच्या योग्यतेचा उतारा वाचतां आला. २०२२ सालीं, महामारींत शाळा दीर्घकाळ बंद राहिल्यानंतर, हा आंकडा सुमारें २० पर्यंत उतरला होता. सुधारणा झाली खरी, तरी चौघांपैकीं जवळ जवळ तिघे मागें आहेत. चौथ्या इयत्तेपासून पुढें सर्व कांहीं वाचूनच शिकावयाचें असतें; गणिताचें उदाहरण देखील आधीं वाचावें लागतें. ज्यास वाचतां येत नाहीं तो मुलगा कांहीं दिवस गप्प बसतो, मग मागच्या ओळींत जातो, आणि पुढें एखाद्या हंगामांत आईबापांबरोबर ऊसतोडीस निघून जातो तो परत येत नाहीं.

बाराखडी वाईट आहे असें माझें म्हणणें नाहीं. आपल्या लिपीची सारी रचना तिच्यांत एका दृष्टीस पडते, व दोन-तीन महिन्यांनीं ती मुलांस अवश्य द्यावी. परंतु तीच आरंभीं दिली म्हणजे मूल तिचें गाणें करितें. गाण्याचें चौथें अक्षर वेगळें काढून दाखविलें तर त्यास पहिल्यापासून म्हणत यावें लागतें. म्हणून आरंभ चार अक्षरांनीं व एका चिन्हानें करावा. क, म, न, र आणि काना, एवढें पुरे. यांतून कान, नाक, मान, काम, मका, रान, काका, मामा, नाना, इतके घरगुती शब्द होतात. ‘कान’ आणि ‘नाक’ हे शेजारीं शेजारीं लिहावे. दोहोंत क, न आणि काना हींच तीन. फरक काय तो क्रमाचा. न बोलतां एकेका शब्दावर बोट ठेवावें, व मुलानें आपल्या कानास किंवा नाकास हात लावावा. हात चुकीच्या जागीं गेला तर रागावूं नये, पुन्हां पाहावयास सांगावें. आठ दिवसांत ‘काका, काम करा’ हें वाक्य मूल स्वतः वाचतें व हंसतें. त्या हंसण्याचें मोल मोठें आहे, कारण अक्षरांतून कोणी तरी बोलत आहे हें त्यास तेव्हां प्रथम कळलेलें असतें.

पुढें दर आठवड्यास तीन-चार अक्षरें व एखादें चिन्ह वाढवीत जावें, आणि रोज निदान एक शब्द असा द्यावा कीं, जो मुलानें पूर्वीं लिहिलेला पाहिला नाहीं. परीक्षा घ्यावयाची ती त्या शब्दावर, पाठावर नव्हे.

‘क कमळाचा’ असें सांगण्याची रीत सर्वत्र आहे. एकदोन दिवस ती चालेल. परंतु तें अक्षराचें नांव झालें, आवाज नव्हे. ‘कान’ पाहून “क कमळाचा, त्यास काना, न नळाचा” असें म्हणणारें मूल कानापर्यंत पोंचतच नाहीं. त्यास ‘का’ हें एका दमांत म्हणावयास लावावें, मग ‘न’, मग दोन्ही जोडून. शब्दाच्या शेवटचें अक्षर आपण अर्धें सोडतों, ‘कान’ म्हणतांना ‘न’ चा पुरा उच्चार करीत नाहीं. हें मुलास समजावून सांगण्याची गरज पडत नाहीं, शब्द ओळखला कीं जीभ आपोआप वळते. ‘चाक’ आणि ‘चार’ यांतील निरनिराळ्या ‘च’ चेंही तसेंच आहे. पहिल्या वेलांटीचें मात्र तसें नाहीं. ‘किडा’ या शब्दांत डोळ्यांस वेलांटी आधीं दिसते, तोंडांत ‘क’ आधीं येतो. मोठ्यांस ही अडचण वाटत नाहीं, म्हणून ते ती सांगावयास विसरतात, आणि मूल बिचारें वेलांटी मागील अक्षरास जोडून बसतें. काना, मात्रा व दुसरी वेलांटी यांची चांगली संवय झाल्यावरच पहिली वेलांटी द्यावी, व ती उलट्या बाजूस कां बसते हें वाळूंत काढून दाखवावें.

वाळूचें नांव निघालें म्हणून एक जुनी हकीकत सांगतों. आपल्या जुन्या पंतोजींच्या शाळांत धूळपाटीवर बोटानें अक्षरें काढीत, हें पुष्कळांस ठाऊक आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रास येथें अनाथ मुलांची शाळा चालविणारे डॉ. अँड्र्यू बेल यांनीं देशी शाळेंतील मुलें वाळूंत लिहीत असतांना पाहिलीं, व तीच रीत आपल्या शाळेंत घातली. मोठ्या मुलानें धाकट्यास शिकवावें अशी व्यवस्थाही त्यांनीं केली. १७९७ सालीं लंडन येथें त्यांनीं याविषयीं पुस्तक छापलें, आणि मग इंग्लंडांतील गरिबांच्या शाळांतूनही मुलें वाळूंत लिहूं लागलीं! तेव्हां वह्या नाहींत म्हणून आपला वर्ग हलका, असें कोणी मानूं नये. पांच-सहा वर्षांच्या मुलाच्या बोटांत पेन्सिल आवळून धरण्याची शक्ति नसते. वाळूंत सारा हात फिरतो व चूक एका फुंकरीनें पुसली जाते.

लिहावयास शिकवितांना सारख्या वळणाचीं अक्षरें बरोबर घेणें सोईचें असतें. ‘ग म भ न’ हा क्रम त्याचसाठीं निघाला आहे. वाचनांत मात्र मी ‘म’ आणि ‘भ’, ‘घ’ आणि ‘ध’, ‘थ’ आणि ‘य’ एकाच आठवड्यांत देत नाहीं. एक पक्कें होऊं द्यावें, मग त्याचा जुळा भाऊ आणावा. शिरोरेघ शब्द पुरा झाल्यावर ओढावी, म्हणजे कोठें एक शब्द संपला हें मुलास दिसतें.

आतां शुद्धलेखनाविषयीं. मूल ‘पानी’ असें लिहितें. आपण तांबडी रेघ ओढतों. पण त्याच्या घरीं सर्व माणसें ‘पानी’च म्हणत असतील, तर त्यानें ऐकलेलें अगदीं बरोबर लिहिलें आहे, कान आणि हात यांची गांठ पडली आहे. प्रथम तें कबूल करावें, आणि मग सांगावें कीं, पुस्तकांत हा शब्द ‘पाणी’ असा लिहितात. ज्यांच्या घरीं भिल्ली, कोरकू, गोंडी किंवा पारधी बोली बोलतात, त्या मुलांच्या बाबतींत तर याहून अधिक धीर धरिला पाहिजे. त्यांस शब्द वाचतां आला तरी अर्थ कळेलच असें नाहीं. त्यांच्या बोलींतील पांचपंचवीस शब्द शिक्षकानें स्वतः शिकून घ्यावे. पोरें आनंदानें शिकवितात व आपल्या उच्चारास हंसतातही, हंसूं द्यावें.

जोडाक्षरांची घाई करूं नये. रफाराची तर मुळींच नको.

त्या मुलीस मी पुन्हां क, म, न, र यांवर आणिलें. तिसरीच्या मुलीस पहिलीचीं अक्षरें गिरवावयास लावलें तर ती लाजेनें शाळा सोडील, अशी मला भीति होती. म्हणून पहिलींतलीं दोन मुलें तिच्या हवालीं केलीं व त्यांस शिकवावयास सांगितलें. रोज सकाळीं ती अर्धा तास माझ्याकडून शिके, आणि दुपारीं तेंच मोठ्या थाटानें त्यांस शिकवी. दिवाळीची सुटी संपल्यावर मी फळ्यावर तोच जुना शब्द लिहिला. तिनें बोटें मोजलीं नाहींत. “कोनाडा,” ती म्हणाली, आणि थोडें थांबून, “गुरुजी, आमच्या घरीं दोन हायेत.”