विक्री वाढली, तरी तोटा का?
(एका किचन कॅबिनेट कंपनीच्या पडत्या काळाचा हिशेब)

ब्रेक-इव्हन पॉइंटचा आलेख आपण सगळ्यांनी काढलेला आहे. दोन रेषा, एक छेद आणि पाच मार्क. पेपर झाला की आपण तो विसरतो. पण एखादी खरीखुरी कंपनी त्या छेदाच्या खाली सलग चार वर्षं अडकली तर काय होतं? अमेरिकेतल्या ‘अमेरिकन वुडमार्क’ या कंपनीचे आकडे यासाठी अभ्यासण्यासारखे आहेत.

व्हर्जिनिया राज्यातल्या विंचेस्टर गावी या कंपनीचं मुख्यालय आहे. १९८० साली बॉइसी कॅस्केड या मोठ्या कंपनीचा कॅबिनेट विभाग तिथल्याच व्यवस्थापकांनी विकत घेतला आणि ही कंपनी उभी राहिली. माल एकच : स्वयंपाकघरातली आणि बाथरूममधली लाकडी कपाटं. गिऱ्हाईक दोन प्रकारचं. एक, नवी घरं बांधणारे बिल्डर. दुसरं, जुनं किचन बदलणारी कुटुंबं. ही कुटुंबं मुख्यतः होम डेपो आणि लोज या दोन मोठ्या दुकान-साखळ्यांतून खरेदी करायची.

बाजार कसा कोसळला?

२००५ साली अमेरिकेत सुमारे २०.७ लाख नव्या घरांचं बांधकाम सुरू झालं. २००९ साली हा आकडा सुमारे ५.५ लाखांवर आला. म्हणजे चारातली जवळजवळ तीन घरं गायब! कुणाला वाटेल, नवी घरं नाहीत तर नाहीत, जुनी किचन तर लोक बदलतीलच. पण तसंही झालं नाही. तेजीत बरेच लोक घराच्या वाढलेल्या किमतीवर कर्ज काढून दुरुस्ती करत होते. किमती उतरल्या आणि ती वाट बंद झाली. शिवाय किचन ही पुढे ढकलता येणारी खरेदी आहे. कपाटाचं दार कुरकुरलं म्हणून स्वयंपाक अडत नाही.

आता आकडे बघा

कंपनीचं आर्थिक वर्ष ३० एप्रिलला संपतं. म्हणजे आर्थिक वर्ष २०१० हे मे २००९ ते एप्रिल २०१० असं धरायचं. आकडे कोटी डॉलरमध्ये, अंदाजे :

२००६ : विक्री ८३.८, नफा ३.३
२००७ : विक्री ७६.१, नफा ३.३
२००८ : विक्री ६०.२, नफा ०.४
२००९ : विक्री ५४.६, तोटा ०.३
२०१० : विक्री ४०.७, तोटा २.२
२०११ : विक्री ४५.३, तोटा २.०
२०१२ : विक्री ५१.६, तोटा २.१
२०१३ : विक्री ६३.०, नफा १.०

२००७ मध्ये विक्री ९ टक्क्यांनी घटली, पण नफा जवळपास तेवढाच राहिला. याचं एक कारण असं की कमी नफ्याच्या काही मालातून कंपनी त्या काळात स्वतःहून बाहेर पडत होती. पुढच्याच वर्षी मात्र विक्री २१ टक्क्यांनी पडली आणि नफा जवळजवळ ८७ टक्क्यांनी!

खरं कोडं २०१० नंतर आहे. विक्री आधी ११ टक्क्यांनी आणि मग १४ टक्क्यांनी वाढली, तरी तोटा हलायला तयार नाही. असं का?

एक छोटं गणित

समजा एक काल्पनिक कारखाना आहे. कपाटाची किंमत १०० रुपये. लाकूड, रंग, वाहतूक असा बदलता खर्च कपाटामागे ७० रुपये. इमारत, यंत्रं, पगारी कर्मचारी यांचा स्थिर खर्च वर्षाला २४,००० रुपये. एका कपाटामागे ३० रुपये सुटतात, म्हणून ब्रेक-इव्हन ८०० कपाटांवर.

१००० कपाटं विकली तर नफा ६,००० रुपये. ८०० विकली तर शून्य. ५०० विकली तर ९,००० रुपये तोटा. विक्री निम्मी झाली म्हणून नफा निम्मा झाला, असं होत नाही. स्थिर खर्च मंदीची रजा घेत नाही!

आता मागणी थोडी सुधारली, पण स्पर्धकांनी सवलती सुरू केल्या. आपणही ६ रुपये सूट दिली आणि ६०० कपाटं विकली. विक्री ५०,००० वरून ५६,४०० वर गेली, म्हणजे जवळजवळ १३ टक्के वाढ. पण कपाटामागे आता २४ रुपयेच सुटतात. ६०० गुणिले २४ म्हणजे १४,४००, आणि तोटा ९,६००. विक्री वाढली आणि तोटाही वाढला! कारण सवलतीने ब्रेक-इव्हन पॉइंटच ८०० वरून १००० कपाटांवर सरकला.

वुडमार्कच्या बाबतीत साधारण हेच घडलं. थोड्या गिऱ्हाइकांसाठी सगळ्याच कंपन्यांनी मोठ्या सवलती दिल्या आणि वुडमार्कलाही द्याव्या लागल्या. त्यात २०१२ च्या तोट्यात कारखाना बंद करण्याचा खर्चही मिळवला गेला.

मग कंपनी वाचली कशी?

पहिली गोष्ट, रोख. तोटा झाला म्हणजे तेवढी रोख गेलीच, असं नसतं. घसारा हा हिशेबातला खर्च आहे, त्या वर्षी खिशातून पैसा जात नाही. विक्री घटली की गोदामातला माल आणि गिऱ्हाइकांकडची येणीही घटतात, म्हणजे अडकलेला पैसा मोकळा होतो. म्हणूनच आर्थिक वर्ष २००९ मध्ये तोटा होऊनही कंपनीकडची रोख वाढली. कर्जाचा बोजाही फार नव्हता. २०११ मध्ये लाभांश थांबवून तोही पैसा वाचवला.

दुसरी गोष्ट, स्थिर खर्च कमी करणं. २००९ मध्ये दोन कारखाने कायमचे बंद केले आणि तिसऱ्यातलं काम थांबवलं. डिसेंबर २०११ मध्ये केंटकी राज्यातल्या हॅझर्ड गावचा कारखाना बंद करण्याचा निर्णय झाला. आपल्या गणितात स्थिर खर्च २४,००० वरून १८,००० वर आणा. ६ रुपये सूट कायम ठेवूनही ब्रेक-इव्हन १००० वरून ७५० कपाटांवर येतो.

कागदावर हे एका ओळीचं काम आहे. पण त्या ६,००० रुपयांत माणसांचे पगार आहेत. हॅझर्ड हे कोळशाच्या खाणींच्या डोंगराळ भागातलं छोटं गाव. तिथे कारखाना बंद झाला की दुसरी नोकरी शेजारच्या गल्लीत मिळत नाही.

आपण काय शिकायचं?

आर्थिक वर्ष २०१५ मध्ये वुडमार्कची विक्री ८२.६ कोटी डॉलरवर पोहोचली आणि नफा सुमारे ३.५ कोटी झाला. म्हणजे विक्री २००६ पेक्षा किंचित कमी आणि नफा थोडा जास्त. पण त्यासाठी नऊ वर्षं गेली, आणि बंद पडलेल्या कारखान्यांतल्या कामगारांचा हिशेब या आकड्यांत कुठेच दिसत नाही.

उद्या आपल्यापैकी कुणी प्लांट लेआउट करेल, कुणी मशीन खरेदीच्या कागदावर सही करेल. तेजीतली मागणी धरून क्षमता ठरवणं सोपं असतं. तेव्हा स्वतःला एकच प्रश्न विचारा : मागणी निम्मी झाली तर हा कारखाना किती महिने तग धरेल? आणि मुलाखतीला जाताना कंपनीची नुसती विक्री बघू नका. एका नगामागे किती सुटतं, स्थिर खर्च किती आणि हातात रोख किती, हेही बघा. त्या पाच मार्कांच्या आलेखात कुणाची तरी नोकरी असते. कदाचित आपलीही!