शंका-समाधान : पर्कला पर्याय

प्रश्न : माझं छोटं ड्रायक्लिनिंगचं दुकान आहे. पर्कचं जुनं मशिन बदलायचं आहे. विक्रेते 'ग्रीन सॉल्व्हेंट' सुचवतात. घ्यावं का?
– एक दुकानदार, नाशिक

पर्क सोडायचं ठरवलंत, याचा मला मनापासून आनंद झाला. पर्कला, म्हणजे परक्लोरोएथिलीन या सॉल्व्हेंटला, आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 'बहुधा कर्करोगकारक' मानलं आहे. सगळ्यात जास्त झळ बसते ती मशिनपाशी दिवसभर उभ्या असणाऱ्या कामगाराला. शिवाय ते पाण्याच्या दीडपटीहून जड असतं. सांडलं की झिरपत भूजलाच्या तळाशी जातं आणि तिथून काढणं महाकठीण होतं. कॅलिफोर्नियात २०२३ पासून ते ड्रायक्लिनिंगला वापरता येत नाही.

'ग्रीन' म्हणून जे विकलं जातं, ते पुष्कळदा पेट्रोलियमपासून काढलेलं हायड्रोकार्बन असतं. पर्कपेक्षा बरं, पण ज्वलनशील. सिलिकॉनवर आधारलेलं डी-५ कपड्यांना सौम्य आहे, मात्र ते निसर्गात लवकर विघटित होत नाही. युरोपीय संघाने २०१८ मध्ये ते अतिचिंताजनक पदार्थांच्या यादीत घातलं. द्रवरूप कार्बन डायऑक्साइड उत्तम, पण त्याला पन्नासेक पट वातावरणीय दाब पेलणारं मशिन लागतं. लहान दुकानाला तो खर्च झेपायचा नाही.

मी तुम्हाला वेट क्लिनिंगच सुचवेन, म्हणजे पाणी आणि खास डिटर्जंट. पाण्याने कोट आटेल ही तुमची भीती असणार. लोकरीच्या तंतूंवर खवले असतात. ओलावा, ऊब आणि घुसळण एकत्र आली की ते एकमेकांत अडकतात आणि कापड आटतं. वेट क्लिनिंगच्या मशिनचा ड्रम हळू, थांबत थांबत फिरतो, पाणी जेमतेम कोमट असतं आणि कपड्यात थोडी ओल शिल्लक असतानाच ड्रायर बंद होतो. पुढे कोट फिनिशिंगच्या साच्यावर चढवून, वाफ आणि ताण देऊन आकारात आणायचा. खरं कसब इथे लागतं. म्हणून मशिनइतकाच खर्च कारागिराच्या प्रशिक्षणावर करा. नवखा माणूस पहिल्याच आठवड्यात कॉलर बिघडवेल आणि दोष पाण्यावर येईल.

प्रश्न : पैठणीही अशी पाण्यात धुवावी का? ड्रायक्लिनिंगहून आलेल्या साड्यांना उग्र वास येतो, तो घातक आहे का?
– एक वाचक, सोलापूर

पैठणीच्या बाबतीत मी सावध राहीन. गडद काठाचा रंग पदरावर उतरला, तर तो परत काढता येत नाही. काठाच्या आतल्या बाजूला ओलं पांढरं फडकं दाबून पाहा. रंग लागला तर पाणी नको. अशी साडी बंदिस्त मशिनमध्ये हायड्रोकार्बनने स्वच्छ करून घ्या. एकदा नेसलेली, डाग नसलेली पैठणी सावलीत वाऱ्यावर टाकली तरी पुरते.

वास म्हणजे सॉल्व्हेंट पूर्ण निघालेलं नाही. तशी साडी कपाटात ठेवू नका, दुकानदाराला परत द्या आणि पुन्हा वाळवून मागा. तसं मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. घरी आणलीच असेल, तर प्लास्टिकचं आवरण काढून वास जाईपर्यंत गॅलरीत टांगा, लहान मुलांच्या खोलीत नको.